एकट्याला आलेला निरोप

माझा भाऊ तुरुंगातून सुटला त्या दिवशी आईनं गोळाभात केला होता. मी तो खाल्ला नाही.

नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या तिच्या दोन खोल्यांत मावत नव्हती एवढी माणसं होती. शेजारच्या बाया, वडिलांबरोबर माग चालवलेले दोन म्हातारे, कॉलेजातली काही पोरं. भाऊ खाटेवर बसला होता. अंग वाळलेलं, गालफडं बसलेली, डोळे मात्र तेच, समोरच्याला वर्गात बसवणारे. काशीहून आलेल्या माणसाकडे बघावं तसे लोक त्याच्याकडे बघत होते. एक म्हातारा त्याच्या पाठीवरून सारखा हात फिरवत होता.

"ये वं, बस. वाढते तुले," आई मला म्हणाली.

"मले भूक नाही."

"इतक्या वर्सांनं भाऊ घरी आला. त्याच्याशी बोलशील का नाही?"

"माहा नवरा घरी आला तवा कोणी गोळाभात केलता, माय?"

मी हळू बोलले नव्हते. भावानं वर पाहिलं आणि पुन्हा ताटात डोळे घातले. बायांनी पदर तोंडाला लावले. मी चपला घातल्या, चौकापर्यंत चालत गेले आणि वाडीची बस धरली.

तेव्हा आमची खोली वाडीला होती, अमरावती रोडला लागून. समोर ट्रान्सपोर्टची गोदामं, दिवसभर ट्रक मागे-पुढे होत असायचे, क्लीनर पोरांची "आने दो, आने दो" ऐकतच माझ्या मुली बोलायला शिकल्या. आमचे मास्तर त्यातल्याच एका गोदामात मुनशी होते. गाठोड्यांवर गावांची नावं लिहायचं काम. मास्तर म्हणजे माझा नवरा. शाळा सुटली तरी मी त्यांना मास्तरच म्हणत राहिले, आणि शाळा का सुटली हे विसरायची माझी तयारी नव्हती.

आम्ही विणकराच्या घरचे. वडिलांचे दोन माग पुढच्या खोलीत होते आणि आमचं सगळं घर त्या मागांच्या आवाजावर चालायचं. भाऊ हुशार निघाला, कॉलेजात गेला. मी कांड्या भरायला घरी राहिले. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. घरातला एक तरी शिकावा हे मलाही पटत होतं, आणि तो रोज संध्याकाळी येऊन कॉलेजातल्या गोष्टी मलाच पहिल्यांदा सांगायचा. पुढे सूत महागलं, पॉवरलूमचं कापड स्वस्त पडायला लागलं आणि गल्लीतले माग एकेक करून बंद पडले. भाऊ मोर्चात भाषणं करायला लागला. घसा बसवून घरी यायचा, तिखट-मिठाचं पाणी मागायचा. मग मोर्चेही थांबले आणि तो आठ-आठ दिवस घरी येईनासा झाला. पुस्तकं बदलली, मित्र बदलले. शेवटी एका दुपारी पिशवी खांद्याला लावून तो वडिलांसमोर उभा राहिला.

"कापडाच्या भावासाठी रडून काही होत नाही, बाबा. मुळापासूनच उपटावं लागते."

वडील मागावर बसले होते. त्यांनी धोटा थांबवला आणि म्हणाले, "जेवून तरी जा."

तो जेवला नाही. वडील पुन्हा त्याला भेटले नाहीत. ते गेल्यावर आईनं एक माग फोडून न्हाणीच्या चुलीत घातला, दुसरा विकला.

त्याच्या गटाचं नाव मी इथं लिहीत नाही. नाव लांबलचक होतं आणि ते घेताना भावाचा आवाज बदलायचा, देवळात शिरल्यासारखा. लोक नुसतं "जंगलातले" म्हणायचे. वैनगंगेच्या पलीकडे, पूर्वेच्या टोकाला जे दाट जंगल आहे तिथं ते गेले होते, बंदुका घेऊन.

आणि माझं लग्न झालं ते नेमकं त्याच जंगलातल्या एका गावच्या मास्तरशी. ते मूळचे उमरेडकडचे. नोकरी लागली ती तिकडची, कोणी जायला तयार नव्हतं म्हणून. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं मी त्या गावात राहिले. कुडाच्या भिंतींची शाळा होती, नंतर सरकारनं विटांची बांधून दिली. पोरं गोंडी बोलायची, मास्तरांनी आधी त्यांची भाषा शिकून घेतली आणि मग आपली शिकवली. एक मुलगी माझ्याकडे सारखी येऊन बसायची. ती खुर्चीवर कधी बसली नाही, उंबऱ्यावरच बसायची. चिंचा खायची आणि मला पाढे म्हणून दाखवायची. सतरापर्यंत बिनचूक, अठराला नेहमी अडखळायची आणि स्वतःवरच हसायची. चौथी झाल्यावर पुढे शाळा नव्हती, तरी ती रोज यायची आणि लहान पोरांना ओळीत बसवून पाढे म्हणायला लावायची. मास्तर तिला गमतीनं "माझी असिस्टंट" म्हणत.

पहिल्या बाळंतपणाला मी नागपूरला आले ती नागपूरलाच राहिले. मुलगी जन्मली तीच काडीसारखी, डॉक्टर म्हणाले, हिवतापाच्या मुलखात नेऊ नका. मास्तर दिवाळीला आणि उन्हाळ्यात यायचे. भाऊ त्याच जंगलात कुठंतरी आहे हे आम्हाला उडत उडत कळलं होतं. त्यावर आम्ही बोलत नव्हतो.

मग तो हल्ला झाला. तालुक्याहून गावाकडे येणाऱ्या रस्त्यावर, नाल्यापाशी, पोलिसांची जीप जंगलातल्यांनी उडवली. त्या भागात तोवर असं झालं नव्हतं. तोवर पत्रकं होती, धमक्या होत्या, ठेकेदारांना मारहाण होती. मेलेल्या शिपायांपैकी एक उमरेडकडचा होता, आमच्यासारख्याच विणकराच्या घरचा. त्याची आई रस्त्यात बसून माती तोंडात घालत होती, असं मास्तरांच्या बहिणीनं येऊन सांगितलं.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला वर्तमानपत्रं कारवाई म्हणत होती. गावातले लोक लढाईच म्हणायचे. जादा पोलीस आले आणि शाळेत उतरले, कारण विटांची इमारत तेवढी एकच. गावातल्या पुरुषांना शाळेच्या आवारात उन्हात बसवलं, मारलं, काहींना घेऊन गेले. बाया लेकरं घेऊन जंगलात पळाल्या. मास्तरांना तिसऱ्या का चौथ्या दिवशी धरलं.

"तुझा साळा त्यांच्यात आहे. तुले माहीत नव्हतं कसं?" एवढा एकच प्रश्न होता. त्याचं उत्तर मास्तरांकडे नव्हतं. गुडघा फुटला तेव्हा विचारणं थांबलं.

ते आत असतानाच जंगलातले लोक गावात येऊन गेले आणि त्यांनी पाटलाला जिवे मारलं. पोलिसांना त्यानं पाणी आणि कोंबड्या दिल्या होत्या, म्हणून तो खबऱ्या. बंदुकीसमोर कोंबडी कोण देणार नाही? मग पुन्हा पोलीस आले. पोलीस गेल्यावर जंगलातल्यांनी शाळा पाडली, पुन्हा तिथं कोणी उतरू नये म्हणून. पावसाळ्याच्या आत अर्धं गाव नदी ओलांडून पलीकडच्या राज्यात निघून गेलं.

सुटल्यावर मास्तर एस.टी.नं नागपूरला आले. मी त्यांना लांबून चालीवरून ओळखत असे. त्या दिवशी चाल दुसऱ्याच माणसाची होती. नोकरी गेलीच होती, संशयित म्हणून. ते फार काही बोलले नाहीत. थोडं थोडं, भाजी निवडताना, मुलीला झोपवताना, असं करत मला हे सगळं वर्षभरात कळलं.

पोलिसांनी केलं ते मी माफ केलेलं नाही. पण पोलीस माझ्या आईच्या पोटचे नव्हते.

भाऊ पुढे पकडला गेला, नागपूरच्या तुरुंगात आला. आई दर भेटीला जायची, येताना माझ्याकडे उतरायची आणि तो किती खंगलाय ते सांगायची. मी एकदाही गेले नाही. खटल्यात साक्षीदार उभे राहिले नाहीत, आणि तो सुटला.

सुटल्यावर महिना-दीड महिना झाला असेल, आईला ताप आला म्हणून मला नंदनवनात जाऊन राहावं लागलं. मी मागच्या खोलीत आईजवळ, भाऊ पुढच्या खोलीत. आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. चहा ठेवते, घे, एवढंच. त्याच्याकडे ती कॉलेजची पोरं रोज यायची. एका दुपारी मी आतल्या दाराशी चहा गाळत होते आणि एका पोरानं त्याला विचारलं,

"सर, त्या पहिल्या हल्ल्याचा कधी पश्चात्ताप होतो का? म्हणजे त्याच्यामुळंच तिथं युद्ध सुरू झालं न."

पोरगा धीट होता. भावाला राग आला नाही. तो पुस्तकी मराठीत बोलायला लागला. घरातली बोली त्यानं बाहेरच्या चपलांसारखी दाराशी काढून ठेवली होती.

"पश्चात्ताप हा व्यक्तीचा शब्द आहे. संघटना आढावा घेते. आम्ही आढावा घेतला. कृती योग्य होती, तयारी अपुरी होती, असा निष्कर्ष निघाला."

"पण पोलीस गावांवर तुटून पडतील हे आधी माहीत नव्हतं का?"

"माहीत होतं. तेच तर धरून चाललो होतो. दडपशाही झाली की लोकांना शत्रूचा चेहरा दिसतो. जो माणूस एरवी हललाच नसता, तो उठतो."

मी गाळणी खाली ठेवली. इतकी वर्षं मी समजत होते की त्यांना अंदाज आला नसेल. तरणी पोरं, डोक्यात वारं, पुढचं दिसलं नसेल. त्याच्या बाजूनं माझ्याकडे उरलेली ती एवढीच गोष्ट होती, आणि ती त्यानं स्वतःच्या तोंडानं मोडली. मी पुढच्या खोलीत गेले.

"मास्तरांलेही धरून चालला होता का?" मी विचारलं.

तो उभा राहिला. "आत जा. मग बोलू."

"नाही, यांच्यासमोरच सांग. त्या गावात माहा नवरा आहे, हे माहीत होतं का नाही तुले?"

"माहीत होतं."

"मग?"

पोरं खाली बघत होती. भावाची बोली एकदम परत आली. "मी त्याले निरोप धाडला होता. माह्या जिवावर धाडला होता, गटाले न सांगता. विचार त्याले. खोटं बोलून नाही राहिलो."

आई आतून हाका मारत होती. मी तिला औषध दिलं, शेजारच्या बाईला बसवलं आणि वाडीला आले.

मास्तर गोदामातून नुकतेच आले होते, नळावर हात धुत होते. शाई लवकर निघायची नाही, ते लिंबाची साल चोळायचे.

"भाऊ म्हणते, हल्ल्याच्या आधी तुम्हाले निरोप आलता."

त्यांनी नळ बंद केला. "हो. आलता."

"काय निरोप?"

"तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराचा माणूस आला. म्हणाला, तुमची सासू बिमार आहे, उद्याच निघा आणि पंधरा दिवस नागपूरले राहा." ते ओट्यावर टेकले, पाय लांब केला. "सासू बिमार असती तर तू कळवलं असतं. आणि बिमार सासूसाठी पंधरा दिवस कोण मोजून सांगते? मी समजलो, काहीतरी येऊन राहिलं."

"मग आले काहून नाही?"

"निरोप मले एकट्याले होता न. पोट्ट्यांले नव्हता."

मला राग आला, तोही त्यांच्यावरच. "गावात सांगायचं होतं!"

"पाटलाले सांगितलं. म्हटलं, लेकरं-बाया कुठं पाठवा. तो म्हणे, मोहफुलं वेचायचा मोसम आहे गुरुजी, आता कुठं जातो आम्ही? आणि काय येणार आहे ते तरी सांगा. ते मले कुठं माहीत होतं?"

"मग ठाण्यात सांगायचं."

"काय सांगू? सासू बिमार आहे म्हणून?"

"आणि मले? इतके वर्स मले काहून नाही सांगितलं?"

"तू रागावली असती."

"भावावर? तो तर वाचवत होता तुम्हाले."

"माह्यावर," ते म्हणाले. "मी आलो नाही म्हणून."

ते खरं होतं. मी आठवडाभर त्यांच्याशी धड बोलले नाही. दोन लहान मुली इकडे असताना हा माणूस तिकडे थांबला होता. पण भाजी चिरता चिरता माझा राग दर वेळी फिरून एकाच ठिकाणी जाऊन बसायचा. भावाला माहीत होतं की त्या गावावर काय येणार आहे. माहीत होतं म्हणूनच त्यानं माझं माणूस तेवढं बाहेर काढायची खटपट केली. बाकीच्यांच्या बायका त्याच्या बहिणी नव्हत्या.

त्यानंतरच्या एका रविवारी दुपारी तो वाडीला आला. न सांगता. मी दारातच उभी राहिले, पण मास्तर आतून म्हणाले, "येऊ दे." तो खाली चटईवर बसला. माझ्या मुलींनी त्याला ओळखलं नाही आणि मी ओळख करून दिली नाही, त्यांना शेजारी पाठवून दिलं. चहा मास्तरांनीच ठेवला.

दोघं बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. पलीकडच्या राज्यात गेलेले लोक परत आले का, नाल्यावर पूल झाला का. मास्तर असं विचारत होते, जसं सुट्टीवरून आलेल्या माणसाला विचारावं. मला त्यांचाही राग येत होता. मग त्यांनी कप खाली ठेवला.

"ती पोरगी होती, चौथी झालेली. लहान पोट्ट्यांचे पाढे घ्यायची. ती पलीकडं गेली का?"

बाहेर ट्रक मागे येत होता, त्याचा आवाज संपल्यावर भाऊ म्हणाला,

"ती आमच्यात आली."

"कवा?"

"शाळा पडल्यावर. तिच्या बापाले पोलिसांच्या कॅम्पात खूप मारलं होतं, तो पुढं उठलाच नाही. ती स्वतःहून आली, मास्तर. आम्ही बोलावली नाही." त्याच्या आवाजात तो जुना उजेड यायला लागला होता. "चांगली होती. हिशेबाले पक्की. औषधाची पेटी आम्ही तिच्याकडेच दिली होती."

"होती?"

"एक पावसाळा होती."

मास्तरांनी दुखरा पाय जवळ ओढला.

"पोलिसांचा वेढा पडला," भाऊ म्हणाला. "आम्हाले निघा लागलं."

"तिले कुठं ठेवलं?"

"आणता नाही आली."

"तिचं वय काय होतं, माहीत आहे का तुले?" मास्तर त्याला नेहमी "तुम्ही" म्हणत. "तुले" त्या दिवशी पहिल्यांदा आलं.

"तिनं सोळा सांगितलं होतं."

"तिचं नाव शाळेत मी घातलं होतं. मले माहीत आहे."

मला तिचं हसू आठवलं, अठराच्या पाढ्यावर अडखळल्यावरचं. मी दाराची चौकट धरून विचारलं, "आता तरी सांग. पश्चात्ताप होते का?"

"तुले पाह्यजे तसा नाही होत."

"मग कसा होते?"

तो चटईची काडी उपसत होता. लहानपणी वडील ओरडले की तो असंच करायचा. "जीप उडवली त्याचं मले आजही काही वाटत नाही. खोटं कायले सांगू? पण तिले पेटी देऊन मागं थांबवलं, आणि आम्ही मोठे मोठे पुढं निघून गेलो, ते... ते जात नाही डोक्यातून."

"मग हेच म्हण न त्या पोरांसमोर. तिथं आढावा-आढावा काहून करते?"

"म्हणता येत नाही ते."

"काहून येत नाही?"

"एकदा ते म्हटलं, की बाकीचे मग कायले मेले? ज्यांले आम्ही घेऊन गेलो, ते? त्यांच्या मायांले काय सांगू?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. "गटात बसलेला माणूस असं म्हणूच शकत नाही. एकटा असला तर म्हणते. मी इथं म्हणून राहिलो न तुह्यासमोर?"

त्याचे डोळे भरले होते. मला दया आली नाही. आली असती तर बरं झालं असतं असं त्या वेळीही वाटलं, पण आली नाही. रस्त्यावर माती खाणाऱ्या बाईला त्याचे भरलेले डोळे काय उपयोगाचे होते?

मास्तर भिंतीला धरून उभे राहिले. "आता जा तू."

"मास्तर..."

"चहा झाला न? जा."

आमच्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. घरी आलेल्या माणसाला त्यांनी जा म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. भाऊ उठला, चपला शोधायला त्याला वेळ लागला. तो गेल्यावर मास्तर आतल्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून निजले आणि मुली परत आल्या तरी उठले नाहीत.

मला वाटलं होतं, निदान आता तो गप्प बसेल. त्या हिवाळ्यात सीताबर्डीवर एका हॉलमध्ये त्याचं व्याख्यान ठेवलं होतं. आईनं सांगितलं, अभिमानानं. मी गेले. मागच्या ओळीत बसले. हॉल भरला होता, मास्तर लोक, वकील, विद्यार्थी, झोळीवाल्या बाया. त्यानं तेच सांगितलं. कृती योग्य, तयारी अपुरी. शब्दसुद्धा तेच. माझ्या घरच्या चटईवर बसून जे तो म्हणाला होता त्यातलं एक अक्षर त्या हॉलमध्ये आलं नाही.

शेवटी प्रश्न विचारा म्हणाले. मी उभी राहिले. आवाज चांगला निघाला.

"औषधाची पेटी घेऊन मागं राहिलेली मुलगी कोण होती, तेही सांगा यांना. ती कोणत्या शाळेतली होती, आणि ती शाळा कोणी पाडली, तेही सांगा."

लोक मान वळवून बघायला लागले. भाऊ माइकसमोर थांबला. मला क्षणभर वाटलं, सांगेल. त्याचे ओठ हलले. मग तो सरळ झाला आणि म्हणाला, "ती आमच्या लढ्यातली एक शहीद होती. तिला मी अभिवादन करतो."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

भावावरचा राग मी कसाही गिळला असता. त्या टाळ्यांचा नाही गिळता आला. माझ्या शेजारची बाई, छान धुतलेल्या साडीतली, डोळे पुसत टाळ्या वाजवत होती. तिला त्या मुलीचं काहीही माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं. मी तिच्या अंगावरून ढकलत बाहेर पडले.

आई माझ्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. बोलली तेव्हा एवढंच, "भावाले असं चारचौघांत विचारते का वं कोणी?"

"त्यानं चारचौघांतच सांगितलं, माय."

"त्यानंही भोगलंच न."

"भोगलं. आणि निवडलंही त्यानंच. मास्तरांनं काय निवडलं होतं?"

"जवाईबापू तर काही म्हणत नाही," आई म्हणाली. "तूच जाळून राहिली सगळ्यांले." तिचं बरोबर होतं. मास्तर काही म्हणत नव्हते. ते काम माझ्याकडे आलं होतं.

पुढे मास्तरांवरचा संशय कागदोपत्री मिटला आणि त्यांना नोकरी परत मिळाली. शाळा उमरेड रस्त्यावरच्या एका खेड्यात होती, बसनं जायचं, मग थोडं चालायचं. गुडघा दुखायचा, पण पहिल्या दिवशी संध्याकाळी ते आले तेव्हा सदऱ्याला खडूची भुकटी होती आणि मुलींनी ती एकमेकींच्या गालाला लावली. आम्ही वाडी सोडली.

आई ऐंशीचं दशक संपता संपता गेली. क्रियाकर्म भावानं केलं, मुंडण केलं, सगळं रीतसर, देव न मानणाऱ्या माणसानं. तेरा दिवस आम्ही त्या दोन खोल्यांत एकत्र होतो आणि कामापुरतं बोललो. भेटायला येणारी पोरं आता कमी झाली होती. गटाचे तुकडे झाले होते, आणि एका तुकड्यानं दुसऱ्याला गद्दार ठरवलं होतं. जंगलात लढाई चालूच होती. आता ती कोणी सुरू केली हे तिकडच्या लहान पोरांना सांगूनही कळलं नसतं.

तेरवीचं जेवण उरकल्यावर तो माझ्याजवळ आला. मी आईच्या साड्या वाटायला काढत होते.

"माय गेली. आता आपण दोघंच," तो म्हणाला. "कधी कधी येत जाऊ का तुह्याकडं?"

"मास्तरांले विचार."

"विचारलं. ते म्हणाले, तिले विचार."

मी हातातली साडी घडी घालून खाली ठेवली. लहानपणी तो मला ज्या आवाजात कॉलेजच्या गोष्टी सांगायचा तोच आवाज होता. ते मला कळत होतं. तरी मी त्याच्याकडे बघून म्हटलं, "नको येऊ."

त्यानं पुन्हा विचारलं नाही. पिशवी घेतली, दारातल्या लोकांना नमस्कार केला आणि गेला. मी उरलेल्या साड्या वाटल्या, खोल्या धुतल्या आणि किल्ली घरमालकाला देऊन आले.